'ऑझ'ची उत्तरकथा

एखादी कथा पूर्ण झाल्यावर तिला पुढचा भाग जोडण्याचा मोह लेखकाला कां होतो याचीं कारणें शोधूं गेल्यास तीं बहुधा कथेच्या बाहेर सांपडतात. कधीं प्रकाशकाचा आग्रह, कधीं वाचकांचीं पत्रें, तर कधीं घरांतली नड. भवभूतीसारखा कवि विरळा, कीं ज्यानें 'महावीरचरित' लिहून झाल्यावर 'उत्तररामचरित' लिहिलें आणि उत्तरकृतीनें पूर्वकृतीला मागें टाकलें. रामाला राज्याभिषेक झाला म्हणजे सामान्य कथाकाराची गोष्ट संपते. भवभूतीची तेथून सुरू होते. पहिल्याच अंकांत राम आणि सीता आपल्या गतायुष्याचीं चित्रें पाहत उभीं आहेत. मागचें मनांत जागें झाल्यावांचून पुढच्याला अर्थ येत नाहीं, हें उत्तरकथेचें मर्म त्या एका प्रसंगांत आलें आहे.

भवभूतीची आठवण होण्यास निमित्त झालें तें मात्र एका मुलांच्या पुस्तकाचें. एल. फ्रँक बॉम या अमेरिकन लेखकाची 'दि वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ' ही अद्भुतकथा मीं लहानपणीं वाचली होती. तिचा दुसरा भाग 'दि मार्व्हलस लँड ऑफ ऑझ' हा वयाची पन्नाशी उलटल्यावर, गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत प्रथम माझ्या हातीं आला. माझी नऊ वर्षांची भाची सुटीसाठीं आमच्याकडे राहावयास आली होती. रोज रात्रीं जेवणें झालीं कीं मीं एकेक प्रकरण वाचून तिला मराठींत सांगावें असा आमचा करार झाला. पहिलें पुस्तक सांगतांना मी जितका रमलों, तितकाच दुसरें सांगतांना खट्टू झालों. ही निराशा कोठून आली हें पाहण्यासाठीं त्या पुस्तकाच्या जन्मकथेंत शिरलों, आणि तेथें जें आढळलें त्यामुळें माझें मूळचें मत थोडें डळमळलें. तो वृत्तांत वाचकांस रुचेल अशी आशा आहे.

बॉमचा जन्म १८५६ सालचा, न्यूयॉर्क संस्थानांतल्या चिटेनँगो या गांवचा. चाळिशी येईपर्यंत त्याच्या हातीं धड असें कांहींच लागलें नव्हतें. त्यानें नाटकमंडळी काढली, कोंबड्या पाळल्या, गाड्यांच्या आंसाला लावावयाचें वंगण विकलें. १८८८ सालीं तो डकोटाच्या उजाड माळरानावरील अ‍ॅबरडीन गांवीं गेला व तेथें त्यानें दुकान थाटलें. तें बुडालें, तेव्हां वर्तमानपत्र चालविलें, तेंहि बुडालें. १८९१ सालीं तो शिकागोस आला व चिनी मातीच्या भांड्यांचा फिरता विक्रेता झाला. पुढें दुकानाच्या दर्शनी खिडक्या कशा सजवाव्या या विषयाला वाहिलेलें एक मासिकहि त्यानें काढलें. रात्रीं आपल्या व शेजारच्या मुलांना गोष्टी सांगण्याचा त्याला नाद होता. त्या त्यानें लिहून काढाव्या असा आग्रह त्याच्या सासूबाईंनीं धरला असें सांगतात. या सासूबाईंकडे पुढें पुन्हां वळावयाचें आहे.

१९०० सालीं 'विझर्ड' प्रसिद्ध झालें. डेन्स्लो या चित्रकारानें त्यासाठीं रंगीत चित्रें काढलीं होतीं. जुन्या परीकथांतील क्रौर्य आणि भय वगळून केवळ आनंदासाठीं नव्या काळाची परीकथा लिहावी, असा आपला हेतु बॉमनें प्रस्तावनेंत सांगितला आहे. कथा साधी आहे. कॅन्ससच्या करड्या, रुक्ष माळावर डोरोथी ही पोरकी मुलगी काकाकाकूंजवळ राहते. वावटळ तिला घरासकट उचलून ऑझ देशांत नेऊन टाकते. तिला हवें असतें तें एवढेंच, कीं परत घरीं जावें. वाटेंत तिला सोबती मिळतात. बुजगावण्याला अक्कल हवी असते, पत्र्याच्या लांकूडतोड्याला हृदय हवें असतें आणि भित्र्या सिंहाला धैर्य हवें असतें. ज्या महान जादूगाराकडे ते जातात, तो निघतो ओमाहा गांवचा एक फुगेवाला, हातचलाखीवर जगणारा साधा माणूस. पण तो लबाड असला तरी दुष्ट नाहीं. आणि गंमत अशी, कीं अक्कल मागणारा वाटभर अक्कल चालवीत असतो, हृदय मागणारा पायाखालीं किडा चिरडला म्हणून रडतो, व घरीं जाण्याचें सामर्थ्य डोरोथीच्या पायांतील चंदेरी जोड्यांत प्रथमपासून असतें.

या पुस्तकाचें बळ त्यांतील चमत्कारांत नाहीं. तें कॅन्ससच्या करडेपणांत आहे. ऊन आणि वारा खाऊन एम काकूच्या डोळ्यांतील तेज गेलें आहे, असें बॉम आरंभींच सांगतो. डकोटाच्या अवर्षणांत स्वतःचें दुकान व वर्तमानपत्र गमावलेला माणूसच तें लिहूं शकला असता. अशा घराची ओढ ज्या मुलीला लागते, तिच्यापुढें पाचूची नगरीहि फिकी पडते. परतीची वाट आहे म्हणून त्या प्रवासाला अर्थ आहे.

पुस्तक खपलें. पण १९०२ सालीं प्रकाशकाचें दिवाळें निघालें आणि पुढें चित्रकाराशींहि बॉमचें बिनसलें. त्याच वर्षीं जून महिन्यांत शिकागोमध्यें या कथेचें संगीत रूपांतर रंगभूमीवर आलें, व १९०३ च्या जानेवारींत न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गेलें. तालीममास्तर ज्यूलियन मिचेल यानें बॉमच्या संहितेची पुष्कळ मोडतोड केली. डोरोथीचा कुत्रा गेला व त्याच्या जागीं गाय आली. दुष्ट चेटकीण गेली, आणि नृत्यांचे व विनोदी गाण्यांचे प्रवेश आले. आपल्याकडे संगीत नाटकाच्या भरभराटीच्या काळांत पदांसाठीं प्रवेश घातले जात, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना या प्रकाराचें नवल वाटणार नाहीं. नाटकाला मात्र अपार यश मिळालें. बुजगावण्याचें काम फ्रेड स्टोन यानें व लांकूडतोड्याचें डेव्हिड माँटगोमेरी यानें केलें, आणि ही जोडी लोकांना इतकी आवडली, कीं नाटक म्हणजे हे दोघेच असें होऊन बसलें.

दुसऱ्या पुस्तकाचा उगम येथें आहे. १९०४ च्या जुलै महिन्यांत तें निघालें, आणि बॉमनें तें अर्पण केलें माँटगोमेरी व स्टोन यांना. प्रस्तावनेंत तो सांगतो, कीं एक लहान मुलगी लांबचा प्रवास करून आपल्या भेटीस आली आणि आणखी एक गोष्ट लिहा म्हणाली. तेव्हां हजार मुलींचीं हजार पत्रें आलीं तर लिहीन, असें आपण तिला वचन दिलें. पत्रें आलीं. ही त्या मुलीची जादू, कीं नाटकानें जोडलेले नवे चाहते, हा प्रश्न त्यानें मोकळेपणानें वाचकांवरच सोडला आहे.

आतां माझ्या तक्रारी. पहिली अशी, कीं या पुस्तकांत डोरोथी नाहीं. कॅन्सस नाहीं, घर नाहीं, परतावयाची जागाच नाहीं. कथा ऑझमध्यें सुरू होते आणि ऑझमध्येंच संपते. मॉम्बी नांवाच्या चेटकिणीच्या घरीं टिप हा मुलगा राबत असतो. तिला भिवविण्यासाठीं तो भोपळ्याच्या डोक्याचा एक लांकडी माणूस तयार करतो. त्यावर मॉम्बी सजीव करणारी भुकटी टाकून पाहते, आणि भोपळेडोक्या जॅक जिवंत होतो. मॉम्बी आपल्याला दगडाचा पुतळा करणार असें कळतांच टिप जॅकला घेऊन पळतो. पुढें लांकडी घोडा जिवंत होतो, आणि अखेर पलंगवजा दोन कोचांना ताडाच्या झांवळ्यांचे पंख व एका प्राण्याचें मुंडकें बांधून केलेलें उडतें वाहनहि जिवंत होतें. जेथें सारेंच अद्भुत, तेथें अद्भुताचें मोजमाप कशानें करावें? पहिल्या पुस्तकांत तें कॅन्ससनें होत होतें.

दुसरी तक्रार जुन्या मित्रांविषयीं. किड्यासाठीं अश्रु ढाळणारा लांकूडतोड्या येथें विंकी लोकांचा सम्राट झाला आहे, आणि अंगाला निकेलचा मुलामा देऊन त्या चकाकीवर खूष आहे. बुजगावणें सिंहासनावर बसलें आहे. जॅक त्याच्या दरबारीं येतो, तेव्हां दोघे एकच भाषा बोलत असूनहि, आपले देश निराळे म्हणून दुभाष्या हवा असें ठरवितात, आणि दुभाषी मुलगी वाटेल तसा अर्थ सांगून धमाल उडविते. प्रवेश हंसविणारा आहे यांत शंका नाहीं. पण वाचतांना डोळ्यांपुढें येतात तीं दोन पात्रें नव्हेत, तर पादप्रकाशांत उभे असलेले दोन नट. पुढें वॉगल-बग नांवाचा एक किडा भेटतो. शाळेच्या वर्गांत भिंगाखालीं मोठा झालेला हा किडा नांवापुढें पदव्यांचीं अक्षरें लावतो आणि वेळीं अवेळीं कोट्या करून सोबत्यांना जेरीस आणतो. प्राध्यापकाच्या धंद्यांत आयुष्य गेलेल्या मला त्याचा राग येण्यास आणखीहि कांहीं कारण असेल, हें मी कबूल करतों.

तिसरी तक्रार अधिक गंभीर आहे. जिंजर नांवाची मुलगी मुलींची पलटण उभारून, विणकामाच्या सुया हें शस्त्र घेऊन पाचूची नगरी जिंकते. पुरुषांनीं फार दिवस राज्य केलें हें तिचें एक कारण, आणि नगरींतील पाचूंचे दागिने होतील हें दुसरें. तिच्या राज्यांत नवरे स्वयंपाक करतात व मुलें सांभाळतात. उंदीर दिसतांच पलटणीची त्रेधा उडते. आणि सत्ता उलटते तेव्हां नवऱ्यांच्या हातचें खाऊन कंटाळलेल्या बायकांनाच आनंद होतो. हें लिहिणाऱ्या माणसाच्या सासूबाई म्हणजे मटिल्डा जोस्लिन गेज, अमेरिकेंतील स्त्रीमताधिकाराच्या चळवळीच्या एक अग्रणी, आणि स्टँटन व अँथनी या विदुषींबरोबर त्या चळवळीच्या इतिहासाचे पहिले तीन खंड सिद्ध करणाऱ्या लेखिका. खुद्द बॉमनें १८९० सालीं अ‍ॅबरडीनच्या आपल्या पत्रांतून स्त्रियांच्या मताधिकाराचा हिरिरीनें पुरस्कार केला होता. सासूबाई १८९८ सालीं वारल्या. सहा वर्षांनीं जांवयानें ही थट्टा लिहिली. तिचें एक कारण रंगभूमींत शोधतां येतें. सुंदर गणवेशांतील मुलींच्या पलटणीचें संचलन हा त्या काळच्या संगीत नाटकाचा हुकमी प्रवेश असे. मात्र न्यायानें हेंहि सांगितलें पाहिजे, कीं जिंजरचा पराभव करणारी ग्लिंडाची शिस्तबद्ध सेना स्त्रियांचीच आहे, आणि शेवटीं ऑझचें राज्य एका मुलीच्याच हातीं जातें.

ती मुलगी कोण, हाच या पुस्तकाचा गाभा आहे आणि माझी चौथी तक्रारहि तीच आहे. ऑझच्या पूर्वीच्या राजाची मुलगी ऑझ्मा हिला त्या जादूगारानें लहानपणींच मॉम्बीच्या स्वाधीन केलें होतें, व मॉम्बीनें तिचा मुलगा करून टाकला, असें शेवटीं उघड होतें. म्हणजे टिप हाच ऑझ्मा. पहिल्या पुस्तकांतील तो भला फुगेवाला येथें एका तान्ह्या मुलीचें राज्य बळकावणारा ठरतो, याचा विचार लेखकानें केलेला दिसत नाहीं. १९०८ च्या चौथ्या पुस्तकांत त्याला परत आणावयाचें झालें, तेव्हां बॉमला ही हकीकत गुपचुप बदलावी लागली. आणि टिपचें काय? आपल्याला मुलगी व्हावयाचें नाहीं असें तो कळवळून म्हणतो. सोबती त्याची समजूत घालतात. पडदा पडतो, पडदा उघडतो, आणि ऑझ्मा उभी राहते. इतक्या मोठ्या गोष्टीला लेखकानें अवघीं थोडीं पानें दिलीं आहेत. नाटकांतील रूपपालटाच्या प्रवेशाला तेवढीं पुरतात. कथेला पुरत नाहींत.

या पुस्तकावरून नाटक करावयाचें हा बेत होताच. पण माँटगोमेरी व स्टोन आपलें चालतें नाटक सोडून येईनात. म्हणून बुजगावणें व लांकूडतोड्या यांना वगळूनच 'दि वॉगल-बग' हें नाटक १९०५ च्या जूनमध्यें शिकागोस लागलें, आणि महिना भरण्यापूर्वीं बंद पडलें. ज्या दोन नटांना डोळ्यांपुढें ठेवून पुस्तक लिहिलें, ते नटच मिळाले नाहींत. हें कळल्यावर मला वाटलें, कीं माझी निराशा साधार आहे. रंगभूमीच्या लोभानें कथा बिघडली. खटला निकालांत निघाला.

पण माझ्या भाचीचा निकाल निराळा होता. डोरोथी कोठें आहे असें तिनें एकदांहि विचारलें नाहीं. ती घरीं गेली, तिचें काम झालें, असा तिचा सरळ हिशेब होता. तिला काळजी होती ती जॅकच्या डोक्याची. भोपळा नासला म्हणजे आपण मरणार, ही धास्ती जॅकला सतत असते. मला ती एकच विनोद पुन्हां पुन्हां उगाळल्यासारखी वाटली होती. तिला ती खरी वाटली. "मग नवा भोपळा बसवला तर तो जॅकच राहील का?" असें तिनें एका रात्रीं विचारलें. हा प्रश्न तिला एकटीलाच पडला असेल असें नाहीं; कारण १९०९ च्या पांचव्या पुस्तकांत जॅक भोपळ्याच्याच घरांत राहतो, डोक्यांसाठीं भोपळे पिकवितो, आणि जुनीं डोकीं नीट पुरून ठेवतो. मुलांनीं विचारावें आणि बॉमनें पुढच्या वर्षीं सांगावें, असें हें नातें होतें.

तेव्हां मीं ती प्रस्तावना पुन्हां काढून वाचली. हजार मुलींनीं काय मागितलें होतें? डोरोथीची आणखी एक कथा त्यांनीं मागितली नव्हती. त्यांना हवी होती बुजगावण्याची व लांकूडतोड्याची. म्हणजे वचन तंतोतंत पाळलें गेलें होतें. तें मला दिलेलें नव्हतें, इतकेंच. प्रौढ वाचक पहिल्या पुस्तकाकडे परततो तो त्याच्या शेवटासाठीं. घर, परतणें, एम काकूची मिठी, हीं त्याला हवीं असतात, कारण ज्या घरीं परतावें तें त्याचें स्वतःचें घर काळाआड गेलेलें असतें. मुलाला शेवटाचें कौतुक नसतें. त्याला तो देश हवा असतो, आणि त्या देशांत उद्यांहि कांहींतरी घडावें एवढीच त्याची मागणी असते. पुस्तकाचे जे दोष मीं वर मांडले ते दोषच आहेत, आणि त्यांतील एकहि मी मागें घेत नाहीं. पण माझ्या निराशेंत त्या दोषांचा वांटा किती आणि माझ्या वयाचा किती, हें मला आतां पूर्वीइतक्या ठामपणें सांगतां येत नाहीं.

बॉमची पुढची कहाणी या मागणीची आहे. १९०७ सालीं तिसऱ्या पुस्तकांत डोरोथी परत आली. दुसऱ्या पुष्कळ गोष्टी सांगावयाच्या आहेत, पण मुलें ऑझ सोडूं देत नाहींत, अशी गोड तक्रार तो प्रस्तावनांतून करूं लागला. १९०८ सालीं चित्रपट, पारदर्शक चित्रें व संगीत यांचा मेळ घालून त्यानें ऑझचे प्रयोग गांवोगांव नेले. लोकांनीं वाहवा केली, पण खर्च भागेना आणि कर्ज वाढलें. १९१० च्या सहाव्या पुस्तकांत त्यानें डोरोथीला काकाकाकूंसह कायमची ऑझमध्यें नेली, आणि ग्लिंडाकडून तो देश जगापासून अदृश्य करविला. यापुढें तेथून बातमी येणार नाहीं असें जाहीर केलें. दार लावलें. पुढच्याच वर्षीं त्यानें दिवाळें पुकारलें. ऑझेतर नवीं पुस्तकें त्या मानानें खपलीं नाहींत. १९१३ सालीं सातवें पुस्तक निघालें, तेव्हां त्यानें प्रस्तावनेंत सांगितलें, कीं बिनतारी संदेशानें ऑझची बातमी कां मिळूं नये असें एका मुलानें सुचविलें. लेखकानें लावलेलें दार एका मुलानें उघडलें, आणि कर्जानें गांजलेला लेखक त्यांतून पुन्हां आंत गेला. ६ मे १९१९ रोजीं हॉलिवुडमध्यें तो निवर्तला तोंपर्यंत वर्षाला एक याप्रमाणें पुस्तकें येत राहिलीं, आणि चौदावें १९२० सालीं त्याच्या मागून प्रसिद्ध झालें. नंतरहि मागणी थांबेना, म्हणून १९२१ पासून रूथ प्लम्ली थॉम्प्सन या लेखिकेनें ती मालिका आणखी एकोणीस पुस्तकें चालविली.

ही गुलामगिरी होती कीं सौभाग्य, याचा निवाडा करणें कठीण आहे. पोटासाठीं लिहिलेलें म्हणून तें खोटें असें म्हणण्याचें धैर्य मला होत नाहीं. ज्या माणसाचें दुकान, वर्तमानपत्र व नाटकमंडळी बुडाली, त्याच्यापाशीं एकच धंदा टिकला. आणि त्याचीं गिऱ्हाइकें पत्रें लिहून आपल्या मालाची चौकशी करीत होतीं.

शेवटचें प्रकरण सांगून झालें त्या रात्रीं भाची बराच वेळ गप्प होती. ऑझ्मा राणी झाली याचा तिला आनंद होईल अशी माझी कल्पना. थोड्या वेळानें तिनें विचारलें, "मामा, पण मग टिप कुठें गेला?" ऑझ्मा आपल्या सोबत्यांना सांगते कीं मी तोच आहें, हें मीं तिला वाचून दाखविलें. तेवढ्यानें तिचें समाधान झालें नाहीं. ज्या एका जागीं माझी तक्रार आणि तिची तक्रार मिळाली ती ही, आणि मला वाटतें, पुस्तकाचा खरा दोषहि तेवढाच असावा. तिसऱ्या पुस्तकांत टिपचें कांहीं कळतें का म्हणून तें येत्या सुटींत वाचावयाचें ठरलें आहे. तें वाचतांना डोरोथी भेटेल म्हणून मी खूष असेन. ती मात्र पानोंपानीं टिपला शोधीत असेल.